मिसेस चेसच्या नाती

पाच वर्षांपूर्वी आई रुग्णालयात होती. सलाईनसाठी शीर शोधता शोधता एका शिकाऊ नर्सने तिला चार वेळा टोचले. चौथ्या खेपेला माझा तोल सुटला. ज्या आवाजाने वर्गातले मागचे बाक गप्प होतात, तो आवाज मी त्या खाटेपाशी लावला. मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. आई मात्र म्हणाली, "अरे, मग तिनं शिकायचं तरी कुणावर?"

आई आता नाही. तिच्या प्रश्नाचे उत्तर मला यंदा मिळाले, तेही अर्धेच.

माझी भाची नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या कॉलेजात पालकांना प्रयोगशाळा दाखवतात. मेहुणे परगावी, म्हणून मामाची वर्णी लागली. तिने माझ्या डोळ्यांवर एक जाडजूड, काळाकुट्ट चष्मा चढवला आणि हातांत दोन मुठी दिल्या. क्षणात कॉलेज नाहीसे! समोर वॉर्ड, खाटेवर धापा टाकणारे एक म्हातारेबुवा. मान वळवावी तर वॉर्डही वळे. मी धावत जाऊन त्यांना ऑक्सिजन लावला आणि शाबासकीची वाट पाहत उभा राहिलो. पुढे आली ती गुणपत्रिका : हात धुतले नाहीत, रोग्याचे नाव विचारले नाही, मनगटावरची पट्टी पाहिली नाही. वीस वर्षे दुसऱ्यांना नापास करणारा मी साफ नापास! त्यातला नावाचा शेरा मला अधिक लागला. त्या शिकाऊ मुलीचे नावही मी विचारले नव्हते.

"आजोबांना काही झालं नाही, मामा. पुन्हा कर," भाची म्हणाली. या साऱ्या खटाटोपाचे मर्म हेच.

युक्ती तशी जुनीच. १९११ साली अमेरिकेत हार्टफर्डच्या नर्सिंग शाळेच्या प्रमुख मिस सदरलँड यांनी मार्था चेस या बाहुल्या करणाऱ्या बाईंकडून माणसाएवढी बाहुली करवून घेतली. तिचे नाव पडले 'मिसेस चेस'. रोग्याला उचलणे, कुशीवर वळवणे हे मुली तिच्यावर शिकत. पुढे तिच्या दंडात इंजेक्शनचीही सोय झाली. १९६० साली नॉर्वेतल्या लेअर्दाल नावाच्या खेळणीवाल्याने तोंडाने श्वास देण्याच्या सरावासाठी 'ॲन' घडवली. आणि १९६८ साली आयव्हन सदरलँड यांनी असा चष्मा केला, की तो छताला टांगून ठेवावा लागे! दोन्ही सदरलँडांत नातेबिते शोधू नये. आडनावांची गंमत, इतकेच.

२०१४ साली अमेरिकेत दहा नर्सिंग संस्थांतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष रुग्णसेवेच्या तासांपैकी निम्मे तास असल्या नकली प्रसंगांना दिले, तरी विद्यार्थी मागे पडले नाहीत. अर्थात शिकवणारे तयारीचे हवेत. शिवाय तिथे भर या चष्म्यांवर नव्हता. नुसते चष्मे विकत आणून नर्स तयार होत नाहीत.

"यात शीर सापडते का गं?" मी विचारले.

"छे! आधी काय, नंतर काय, डॉक्टरांना केव्हा बोलवायचं, ते यात पक्कं होतं. शीर बोटालाच कळते." तिने मला शेजारच्या टेबलाशी नेले. तिथे एक रबरी हात पडला होता, टोचून टोचून त्याची चाळण झालेली. मी बोट दाबले. आतली नळी बोटाला लागली.

"पण आजीसारख्या म्हाताऱ्या माणसाची शीर सरकते, मामा. ही जागची हलत नाही."

"मग पहिल्यांदा खऱ्या माणसाला टोचलंस तेव्हा?"

"एक आजोबा होते. सिस्टर शेजारी उभ्या होत्या, तरी दोनदा टोचावं लागलं."

"रागावले?"

"नाही. हात तसाच पुढे धरून नातवाचं सांगत बसले."