कोथिंबिरीला थंडी, बेसिलला ऊब

डिसेंबरात अंगणातली तुळस झडायला लागते आणि त्याच दिवसांत बाजारात कोथिंबिरीच्या भरगच्च जुड्या येतात. गॅस महागल्यावर नेदरलँड्सच्या काचघरांतल्या उत्पादकांना जे गणित मांडावं लागलं, ते इथूनच सुरू होतं.

हेगच्या दक्षिणेचा वेस्टलँड म्हणजे मैलोगणती काचेची शेती. ही काचघरं वर्षानुवर्षं नैसर्गिक वायूवर तापत आली. २०२१च्या सुरुवातीला युरोपच्या घाऊक बाजारात मेगावॉट-तासाला २० युरोंच्या आसपास असलेला गॅस ऑगस्ट २०२२मध्ये ३००च्या वर गेला. अशा वेळी पहिला हात जातो तो तापमान कमी करायच्या बटणावर.

काचेतून किती उष्णता निसटते, ते आत-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. बाहेर ५ अंश आणि आत २०, तर फरक १५. आत १७ ठेवलं, तर फरक १२, म्हणजे रोजची उष्णता पाचव्या हिश्शाने वाचली. पण बेसिलच्या बाबतीत हा हिशेब अर्धाच आहे.

बेसिल ही तुळशीची बहीण. फ्रिजमध्ये ठेवलेली तिची पानं दोन दिवसांत काळी पडतात, इतकी ती थंडीला हळवी. साधारण ११ अंशांखाली तिची वाढ जवळजवळ थांबते आणि त्यावरचे अंशच तिच्या अंगी लागतात. २० अंशांवर तिला रोज ९ अंश मिळतात, १७ वर फक्त ६. म्हणजे ३० दिवसांत विक्रीला येणारी कुंडी आता ४५ दिवस घेणार. आता फरकाला दिवसांनी गुणून पाहा. आधी १५ गुणिले ३०, म्हणजे ४५०. नंतर १२ गुणिले ४५, म्हणजे ५४०. तापमान उतरवलं, पण एका कुंडीमागचा गॅस वाढला!

कोथिंबीर, पार्सली, चाइव्ह्ज यांची वाढ थंडीतही हळूहळू चालू राहते. त्यांचा वाढ थांबण्याचा बिंदू २ अंश धरू. १६ अंशांवर ३० दिवस घेणारं पीक १२ वर ४२ दिवस घेईल. बाहेर तेच ५ अंश धरले, तर ११ गुणिले ३० म्हणजे ३३०, आणि ७ गुणिले ४२ म्हणजे २९४. इथे बचत खरी आहे, शिवाय रोपंही ठेंगणी आणि घट्ट होतात. म्हणून सगळ्यांना एकाच छताखाली सरासरी तापमानात ठेवणं हा मला सगळ्यात महागडा मार्ग वाटतो. बेसिलला वेगळा, छोटा, उबदार कप्पा द्यावा आणि रोपं लहान असताना कुंड्या एकमेकींना खेटून ठेवाव्यात. ऊब चौरस मीटरवर खर्च होते. त्या मीटरवर जितक्या जास्त कुंड्या, तितका प्रत्येकीचा वाटा कमी.

दुसरी सोय सूर्याची. मर्यादेत राहिलं तर रोप चोवीस तासांची सरासरी मोजतं. दुपारी ऊन असताना खिडक्या उघडायची घाई न करता आत २४ अंश होऊ द्यायचे आणि रात्री १६ वर उतरू द्यायचं. संध्याकाळी छताखालचा पडदा ओढला की ऊब काचेपर्यंत बरीच कमी पोचते. वाऱ्याच्या रात्री काच जास्त उष्णता सोडते, तेव्हा तापमान थोडं आणखी उतरवावं आणि शांत रात्री ते भरून काढावं.

पण पडदा लागला की आतला दमटपणा वाढतो, पहाटे पानांवर दव धरतं आणि बेसिलवर केवडा रोग येतो. पूर्वी यावर उपाय म्हणून पाइप गरम ठेवून खिडकी किलकिली करत, म्हणजे विकत घेतलेली ऊब बाहेर सोडत. खरं तर बाहेरची थंड हवा पावसातही कोरडीच असते. ५ अंशांच्या हवेत घनमीटरला जेमतेम ७ ग्रॅम बाष्प मावतं, १८ अंशांच्या हवेत १५ ग्रॅमहून थोडं जास्त. म्हणून पडदा बंद ठेवून पंख्याने बाहेरची हवा मोजून आत घ्यायची, थोडी तापवायची आणि रोपांमधून फिरती ठेवायची. पाणी सकाळीच द्यायचं, म्हणजे संध्याकाळपर्यंत पानं कोरडी होतात.

तरीही रोज सकाळी बेसिलची चार-पाच पानं उलटून पाहावीत. वरून नुसता पिवळसर डाग दिसतो. करडी-जांभळी लव पानाच्या पाठीवर असते. ती दिसली, तर त्या रात्री पडद्यात थोडी फट ठेवावी आणि तापमान उतरवू नये, गॅस कितीही महाग असला तरी.