सात मीटर डांबर, दीडशे मीटर रस्ता

राज्यमार्गावरच्या हिरव्या माथ्याच्या किलोमीटर दगडाशी उभं राहून पाहिलं, तर डांबर दिसतं जेमतेम सात मीटर. समोरून ट्रक आला तर एसटी त्याला बाजू देऊन निघेल, एवढंच. त्यापुढे मुरमाची साइडपट्टी, मग गटार, एखादी बाभूळ आणि मग कुणाचं तरी सोयाबीन. डांबर संपलं की रस्ता संपला, असं आपण धरून चालतो.

बांधकाम विभागाच्या नकाशात तो तिथे संपत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत सपाट, मोकळ्या मुलखातल्या राज्यमार्गासाठी साधारण 45 मीटर रुंदीची जमीन धरलेली असते. ही रस्त्याची हद्द. हद्दीबाहेर दोन्हीकडे एकेक इमारत रेषा असते. या दोन रेषांमधलं अंतर 80 मीटर. त्यांच्याही पलीकडे नियंत्रण रेषा, त्यांच्यातलं अंतर तब्बल 150 मीटर. म्हणजे कुणाच्या सोयाबीनमधून, कुणाच्या विहिरीच्या काठावरून, कुणाच्या गोठ्यावरून या रेषा गेलेल्या आहेत आणि जमिनीवर त्यांची खूण म्हणून साधी खुंटीही नाही. जमीन मालकाची, सातबारा त्याच्या नावाचा, पीकही तोच घेतो. तिथे बांधकाम करायचं मनात आलं, की मगच या रेषा त्याच्यासमोर उभ्या राहतात.

हद्द आणि इमारत रेषा यांच्या मधल्या पट्ट्यात एरवी इमारत उभी राहू देत नाहीत. इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा यांच्या मध्ये बांधता येतं, पण काय बांधणार ते आधी सांगून. शेतावरचं घर आणि चित्रपटगृह यांना तिथे एकच माप लावत नाहीत. इमारत किती उंच, यापेक्षा तिच्या दारात एका वेळी किती माणसं आणि गाड्या जमणार, याची रस्त्याला जास्त धास्ती असते.

ही धास्ती आली ब्रिटनमधून. पहिल्या महायुद्धानंतर तिथे मोटारी वाढल्या आणि लोक शहराबाहेर पडून थेट हमरस्त्याला लागून घरं बांधू लागले. रस्ता आयता, बस दारात, वीज-पाणीही तिथूनच जाणारं. पाहता पाहता मैलोन्‌मैल घरांची एकेरी रांग लागली. मागची शेतं कोंडली गेली आणि लांब पल्ल्यासाठी बांधलेला रस्ता गल्ली होऊन बसला. म्हणून 1935 मध्ये तिथल्या संसदेने खास कायदा केला आणि वर्गीकृत रस्त्यांच्या मध्यापासून 220 फुटांपर्यंतच्या बांधकामावर लगाम घातला. आपल्याकडे 1943 मध्ये मुख्य अभियंत्यांची परिषद नागपुरात भरली. देशभरच्या रस्त्यांची राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा आणि ग्राम अशी उतरंड तिथल्या आराखड्यात ठरली. आजचा राज्यमार्ग त्यातल्या प्रांतिक महामार्गाचा वारस. पुढे तेव्हाच्या मुंबई राज्याने 1955 मध्ये महामार्ग अधिनियम केला. रस्त्याची हद्द, इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा अधिसूचना काढून ठरवायचा अधिकार महामार्ग प्राधिकाऱ्याला मिळाला तो याच कायद्याने.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, राज्यमार्गालगतच्या दोन एकरांत कुणाला मंगल कार्यालय काढायचं आहे. पहिला प्रश्न असा, की अर्ज करायचा कुणाकडे? इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सहसा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. म्हणून दगडाचा माथा हिरवा आहे की पिवळा, हे आधी पाहिलेलं बरं. पिवळा असेल तर तो राष्ट्रीय महामार्ग, त्याचा कायदा वेगळा आणि कार्यालयही वेगळं. शिवाय रस्त्याच्या खात्याचा ना हरकत दाखला आणि इमारतीची परवानगी ही दोन स्वतंत्र प्रकरणं आहेत. पहिल्याशिवाय दुसरं सहसा हलत नाही.

अर्ज गेला की शाखा अभियंता जागेवर येतो. तो टेप धरतो रस्त्याच्या मध्यापासून, कारण डांबराची कड आज इथे, तर रुंदीकरणानंतर तिथे; मध्य त्या मानाने स्थिर. जागा नोंदवली जाते ती साखळी क्रमांकाने, म्हणजे अमुक किलोमीटरच्या पुढे अमुक मीटरवर, डाव्या बाजूस की उजव्या. नकाशावर गट नंबर असतो, तशीच जवळची वळणं, फाटे, पूल, मोऱ्या, झाडं आणि विजेचे खांबही असतात. हा अहवाल उपअभियंत्याकडून कार्यकारी अभियंत्याकडे जातो. वरवर ही सगळी कागदं फिरवण्याची रीत वाटते. पण त्या मापांमागे जे गणित आहे ते ऐकून कुणीही चकित व्हावं.

ताशी 80 किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात 22 मीटर पुढे सरकते. समोर काहीतरी आडवं आलंय हे डोळ्यांनी टिपायचं, मेंदूने ठरवायचं आणि पाय ब्रेकवर जायचा, यासाठी रस्त्याच्या आखणीत अडीच सेकंद धरतात. तेवढ्यात गाडीने 55 मीटर कापलेले असतात, आणि ब्रेक तर अजून लागलेलाच नाही. पुढची घसट धरून या वेगाला सुमारे 120 मीटरचा रस्ता मोकळा दिसलाच पाहिजे, असं आपलं मानक सांगतं. ताशी 100 चा वेग असेल तर 180 मीटर. वळणाच्या आतल्या अंगाला कुणी आपल्याच जागेत कुंपणाची उंच भिंत घातली, तर ती रस्त्याची जमीन तसूभरही घेत नाही. घेते ती चालकाची नजर. इमारत रेषा मागे का, याचं निम्मं उत्तर या अडीच सेकंदांत आहे.

उरलेलं उत्तर फाटकात आहे. सरळ दुपदरी रस्त्यावर कार्यालयाचं एक फाटक उघडलं की तिथे तीन तोंडांचा फाटा तयार होतो. गाड्यांच्या वाटा कागदावर आखून पाहा. तीन ठिकाणी त्या फुटतात, तीन ठिकाणी मिळतात आणि तीन ठिकाणी एकमेकींना छेदतात. टक्कर होऊ शकेल अशा एकूण नऊ जागा, काल नव्हत्या त्या आज झाल्या. समोरच्या शेतकऱ्यानेही बरोबर तिथेच आपलं फाटक काढलं तर चार तोंडांचा चौक होतो आणि नवाच्या अठरा नव्हे, बत्तीस होतात! मध्ये दुभाजक असेल आणि डावीकडूनच आत-बाहेर करायचं असेल, तर छेदणाऱ्या वाटा पुसल्या जातात. म्हणून ‘तुमच्या फाटकासमोर दुभाजक तोडून मिळणार नाही’ असं अभियंता ठणकावून सांगतो.

मुहूर्त साडेबाराचा असेल तर बाराला दोनशे गाड्या त्या एका फाटकाशी येणार. त्यांना वेग कमी करायला जागा हवी, आणि ती धावत्या रस्त्यावर असून चालत नाही. पेट्रोलपंपाच्या दोन्ही अंगांना डांबराच्या निमुळत्या पट्ट्या असतात, त्या याचसाठी. राष्ट्रीय महामार्गांच्या निकषांत पंपात शिरताना वेग उतरवायला 70 मीटर आणि बाहेर पडताना वेग धरायला 100 मीटर अशी मापं आलेली आहेत. बाहेर पडायला जास्त जागा का? गाडीला थांबवणं इंजिनाने पळवण्यापेक्षा लवकर जमतं म्हणून. भरलेला ट्रक जागचा उठून चालत्या रहदारीत मिसळेपर्यंत किती वेळ घेतो, हे त्याच्या मागे अडकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

शेवटची अट सगळ्यांत साधी दिसते. पोहोच मार्ग गटारावरून जाणार असेल तर खाली मोरी टाका. बरेच जण गटारात मुरूम ओततात, रोलर फिरवतात आणि झाला रस्ता म्हणतात. पण डांबरी रस्ता सपाट नसतो. मध्यापासून कडेकडे त्याला साधारण दोन टक्के उतार असतो. साडेतीन मीटरांत सात सेंटिमीटर. डोळ्याला न दिसणाऱ्या या उताराने पावसाचं पाणी गटारात उतरतं. गटार एका जागी बुजलं की पाणी मागे तुंबतं आणि साइडपट्टीतून डांबराखाली मुरतं. दख्खनच्या काळ्या मातीला पाणी मिळालं की ती फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. दोन-तीन पावसाळ्यांत फाटकाच्या चढाकडच्या बाजूला डांबर उखडतं. दोष ठेकेदाराला लागतो, मूळ मात्र त्या मुरमात असतं. पाण्याच्या किंवा केबलच्या लाइनसाठी रस्ता आडवा खोदला, तरी भरलेली माती पुढे बसते आणि गाडीला दणका देणारी पन्हळ राहून जाते. म्हणून खोदाईला वेगळी परवानगी आणि दुरुस्तीपोटी रक्कम भरावी लागते. जमेल तिथे रस्ता न फोडता खालून आडवं छिद्र पाडून पाइप नेण्याचा आग्रह असतो.

हे नियम पाळले नाहीत तर काय होतं, ते पाहायला लांब जावं लागत नाही. गावातली गर्दी टाळायला बाह्यवळण काढायचं आणि काही वर्षांत गावाने त्या बाह्यवळणावरच येऊन दुकान मांडायचं, हे आपण कितीदा पाहिलंय. पुण्याचा कात्रज-देहूरोड बाह्यवळण मार्ग शहराला वळसा घालण्यासाठी केला होता. आज वारजे आणि बाणेर त्याच्या दोन्ही काठांवर आहेत.

खरं तर रस्त्याकडून आपण दोन उलट गोष्टी मागतो. त्याने आपल्याला वेगाने न्यावं आणि आपल्या दाराशीही यावं. गावातली गल्ली फक्त दाराशी नेते, तिथे वेगाची अपेक्षाच नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग किंवा 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग फक्त वेगाने नेतात; शेत अगदी खेटून असलं तरी तिथे फाटक उघडता येत नाही, ठरलेल्या इंटरचेंजवरूनच चढावं लागतं. राज्यमार्ग या दोघांच्या मधला. त्याला एसटी वेळेत पोहोचवायची आहे आणि मंगल कार्यालयही चालू द्यायचं आहे. प्रत्येक नवं फाटक त्याच्या वेगातला थोडा वाटा घेतं, आणि कुणाला किती द्यायचा याचा हिशेब दुसरीकडे कुठेच मांडला जात नाही, ना हरकत दाखल्यातच मांडला जातो. त्यासोबतच्या हमीपत्रात एक अट सहसा असते: पुढे रस्ता रुंद करायची वेळ आली तर हा पोहोच मार्ग स्वखर्चाने काढून घेईन. मालक सही करतो ती अजून न झालेल्या चौपदरी रस्त्यासाठी, आणि दीडशे मीटरच्या त्या रेषा इतकी वर्षं त्याच रस्त्याची जागा धरून असतात.