शेवटचा प्रतिस्पर्धी आणि पाव सेकंद

व्हिडिओ गेममध्ये एकेक टप्पा पार केला की शेवटी एक बलाढ्य प्रतिस्पर्धी उभा ठाकतो. मुले त्याला 'बॉस' म्हणतात. त्याच्याकडून वीस-तीस वेळा हरल्यावर पुष्कळ मुले ठरवून टाकतात, 'माझी बोटेच मंद आहेत.' हे निदान बरोबर आहे का? एका गाजलेल्या खेळाच्या आधारे तपासून पाहू.

निन्टेंडो या जपानी कंपनीने १९८७ साली 'माइक टायसन्स पंच-आउट!!' हा मुष्टियुद्धाचा खेळ घरगुती यंत्रासाठी बाजारात आणला. यात आपला खेळाडू म्हणजे लहानखुरा लिटल मॅक. त्याची शेवटची गाठ पडते टायसनशी. (१९९० च्या आवृत्तीत टायसनच्या जागी 'मिस्टर ड्रीम' आला.) खेळातल्या घड्याळाप्रमाणे पहिली दीड मिनिटे टायसन खालून वर येणारे ठोसे मारतो. त्यातला एक जरी लागला तरी मॅक आडवा होतो, आणि एका फेरीत तीनदा पडला की सामना संपतो.

पाव सेकंद कुठे जातो?

टायसनचा खांदा हलला हे दिसणे आणि आपण कळ दाबणे या दोन घटनांमध्ये साधारण ०.२ ते ०.२५ सेकंद जातो. प्रकाश डोळ्यातील पटलावर पडतो, संदेश मेंदूकडे जातो, मेंदू अर्थ लावतो, काय करायचे ते ठरवतो आणि मग बोटाच्या स्नायूंना आज्ञा पोहोचते. पडद्यावर सेकंदाला सुमारे ६० चित्रे उमटतात. म्हणजे पाव सेकंदात १५ चित्रे निघून गेलेली असतात!

हिला 'प्रतिक्षिप्त क्रिया' म्हणण्याची चूक वर्गात नेहमी होते. चटका बसताच हात मागे येतो, त्याची आज्ञा मेरुरज्जूतूनच सुटते. ठोसा चुकवताना मात्र मेंदूला निवड करावी लागते, आणि निवडीला वेळ लागतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी १९५२ साली दिवे आणि कळा वापरून हे मोजले. पर्याय दोनाचे चार झाले, चाराचे आठ झाले, की दर वेळी प्रतिक्रियेच्या काळात जवळपास सारखीच भर पडते.

करून पाहा

३० सेंमी.च्या दोन पट्ट्या घ्या. विद्यार्थ्याने दोन्ही हातांचे अंगठे व बोटे किंचित उघडी ठेवावीत. दोन्ही चिमट्यांमध्ये एकेक पट्टी, शून्याची खूण बोटांच्या पातळीवर येईल अशी, वरून धरा.

(१) एकच पट्टी वापरून, न सांगता सोडा. किती सेंमी.वर पकडली ते नोंदवा.
(२) दोन्ही पट्ट्या धरा, पण त्यातली कोणतीही एकच सोडा. पडणारीच पट्टी पकडायची, दुसरा हात मिटायचा नाही.
(३) पुन्हा दोन्ही धरा, पण कोणती सोडणार ते आधी सांगा.

प्रत्येक प्रकार दहा-दहा वेळा करा. काळ = √(२ × अंतर ÷ ९.८), अंतर मीटरमध्ये घ्या. २० सेंमी.ला ०.२ सेकंद येतो. दुसऱ्या प्रकारात काळ वाढलेला आणि तिसऱ्यात पुन्हा घटलेला दिसेल. विद्यार्थी तोच, बोटे तीच. बदलली ती फक्त त्याला आधीपासून असलेली माहिती.

टायसनला कसे हरवतात?

नेमके असेच. पहिल्या दीड मिनिटात ठोशाचा प्रकार एकच असतो, हे कळले की 'काय येणार' हा प्रश्न उरत नाही; 'केव्हा' एवढाच उरतो. पुढच्या टप्प्यात काही ठोशांआधी तो डोळे मिचकावतो. ही खूण ओळखणाऱ्याला ठोसा निघण्याआधीच सूचना मिळते. ठोसा हुकला की टायसन क्षणभर उघडा पडतो, तेव्हाच आपला ठोसा द्यायचा. म्हणून जाणते खेळाडू पहिले काही सामने जिंकण्यासाठी खेळतच नाहीत. ते फक्त चुकवतात आणि पाहतात: कशानंतर काय येते, आपण नेमके कुठे पडतो. काही खेळाडूंनी तर डोळ्यांवर पट्टी बांधून, नुसत्या आवाजांच्या खुणांवर त्याला हरवले आहे.

या खेळात एक सोयही आहे. ००७-३७३-५९६३ हा संकेतांक भरला की थेट टायसनशी सामना सुरू होतो. सारा खेळ पुन्हा न खेळता अवघड भागाचाच सराव करता येतो. सपाट पडद्याच्या काही संचांवर मात्र चित्र उमटायलाच थोडा उशीर होतो. तिथे दोष बोटांचा नसतो.

आता वर्गाकडे वळू. टायसनपुढे तीस वेळा हरूनही पुन्हा बसणारे मूल अपूर्णांकाचे गणित दोनदा चुकले की वही मिटते. खेळातली चिकाटी आपोआप गणितात उतरत नाही. पण फरक कशात आहे तो पाहण्यासारखा आहे. खेळात हरण्याची किंमत अल्प असते, कुठे चुकले ते त्याच क्षणी दिसते आणि तोच प्रसंग लगेच पुन्हा समोर येतो. वहीतली चूक चार दिवसांनी लाल फुलीच्या रूपाने परत येते आणि तोवर धडा पुढे गेलेला असतो. एखाद्या तासाला गुण न देता, एकाच जातीची पाच उदाहरणे द्या आणि प्रत्येकानंतर लगेच, पायरी कुठे घसरली ते मुलालाच शोधू द्या. 'मी मंद आहे' म्हणणाऱ्या मुलाला पट्टीचा तिसरा प्रयोग आधी करायला लावा.