टर्मिनलमध्ये ओळ स्वतःवरच का चढते?

टर्मक्समध्ये लांब कमांड टाइप करताय, आणि ओळ खाली जायचं सोडून प्रॉम्प्टवरच चढतेय? कीबोर्ड बिचारा निर्दोष आहे. ओळ कुठे तोडायची हे बॅश प्रॉम्प्टची लांबी मोजून ठरवतो. रंगाचे कोड स्क्रीनवर दिसत नाहीत, तरी बॅश तेही मोजतो आणि हिशेब चुकतो. म्हणून बॅशआरसी फाइलमधल्या पीएस१ मध्ये प्रत्येक रंगकोडच्या आधी \[ आणि नंतर \] लावा. तोवर आरएम चालवूच नका. नक्की काय डिलीट होतंय तेच दिसत नाही!

प्रॉम्प्ट साधा असूनही गडबड? मग 'एसटीटीवाय साइझ' बघा. आधी ओळी, मग कॉलम. सिरियल केबलवरून जोडलेल्या रास्पबेरी पायला खिडकीचा आकार कळतच नाही. तिथे मी 'एसटीटीवाय कॉल्स १००' असा खरा आकडा हाताने देतो.