धुराचा डक्ट का घुमतो?



गळीत हंगामात बॉयलर एक दिवस जरी थांबला तरी त्याची झळ थेट शेतापर्यंत पोहोचते. वडिवळे धरणाच्या पाण्यावर जोपासलेला ऊस तोडून गाडीतच पडून राहिला, की वजन घटते आणि उताराही घसरतो. बॉयलर थांबण्याची कारणे पुष्कळ. त्यातले एक मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ते म्हणजे आवाज!

बॉयलरमधला धूर आय. डी. फॅन ओढून घेतो आणि पत्र्याच्या चौकोनी डक्टमधून चिमणीत सोडतो. झोक्याला नेमक्या वेळी हलका धक्का देत गेले, की झोका उंच उंच जातो. तसेच इथे होते. फॅनच्या पात्यांचे धक्के आणि डक्टमधल्या आवाजाची येरझार यांची वेळ जुळली, की डक्ट घुमू लागतो. यालाच अनुनाद म्हणतात. मग पत्रा थरथरतो आणि कालांतराने वेल्डिंगला तडे जातात.

याचा हिशोब सोपा आहे. साध्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. १५० अंश तापलेल्या धुरात सुमारे ४१० मीटर. समजा, डक्ट ३ मीटर रुंद आहे. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाऊन परत यायला ६ मीटर. ४१० ला ६ ने भागले, की सेकंदाला सुमारे ६८ कंपने येतात. आता १० पात्यांचा फॅन मिनिटाला ४१० फेरे फिरला, तर त्याचे धक्केही सेकंदाला ६८ च! फॅन तेवढा वेग ओलांडून झटकन पुढे गेला तर बिघडत नाही. त्याच वेगावर तासन् तास चालला तर मात्र त्रास होतो.

प्रत्यक्षात डक्टला वळणे असतात, झडपा असतात, उष्णताही सगळीकडे सारखी नसते. तिथे कागदावरचे गणित पुरत नाही. म्हणून संगणकात डक्टचे लहान लहान तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्यातला दाब शेजारच्या तुकड्याशी समीकरणाने जोडतात. एका लहरीच्या लांबीत निदान ६ तुकडे हवेत, नाहीतर उत्तर फसवे येते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. एम. एल. मुंजाल यांचा डक्ट व मफलर यांच्या ध्वनिशास्त्रावरचा ग्रंथ १९८७ साली निघाला. या विषयात तो प्रमाण मानतात.

इलाज महागडा असतोच असे नाही. धुराच्या वाटेला समांतर दोन पत्रे उभे केले, की ३ मीटरचे एक-एक मीटरचे तीन कप्पे होतात आणि ६८ ची कंपने २०५ वर जातात. पण पत्रा नेमका कुठे बसवावा, हे आधी संगणकावर पाहिले तर तोडफोड वाचते.

मात्र संगणकाला खरी माहिती द्यावी लागते. घुमणे कोणत्या वेगाला सुरू झाले आणि धूर तेव्हा किती तापलेला होता, हे पाळीवरच्या कामगाराने नोंदवहीत लिहून ठेवावे. त्या दोन ओळींवर पुढचा सारा हिशोब उभा राहतो.