युरेनियमचा भाऊबंद आणि झेनॉन

म्हैसूरजवळ रत्नहळ्ळीला भाभा अणुसंशोधन केंद्राचा एक प्रकल्प आहे. तिथे सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून युरेनियम समृद्ध करतात. त्यासाठी ते आधी वायुरूपात आणावं लागतं. युरेनियमच्या एका अणूला फ्लोरिनचे सहा जोडले की होणारं हेक्झाफ्लोराइड जेमतेम ५६ अंश सेल्सिअसला वायू होतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने या एका पदार्थापायी फ्लोरिनसारखा जहाल वायू हाताळायची विद्या कमावली. झेनॉनसारखे राजवायू कशाशीच संयोग पावत नाहीत असं मानलं जाई; त्यांचं हे सोवळं सुटलं ते याच विद्येमुळे.

युरेनियमच्या हेक्झाफ्लोराइडचा एक तापट भाऊबंद आहे, प्लॅटिनमचा. कॅनडात व्हँकूव्हरला रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेट यांच्या हाती तो लागला, तेव्हा त्याने चक्क ऑक्सिजनचा इलेक्ट्रॉन ओढून घेतला. ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढायला १२.०७ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, झेनॉनच्या अणूतून १२.१३. हे आकडे पाठ्यपुस्तकातल्या तक्त्यांत वर्षानुवर्षं छापलेले होते. ते शेजारीशेजारी ठेवून पाहायचं बार्टलेटना सुचलं: ऑक्सिजनचा इलेक्ट्रॉन निघतो, तर झेनॉनचाही निघायला हवा. २३ मार्च १९६२ च्या संध्याकाळी त्यांनी प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड आणि झेनॉन या दोन वायूंमधला काचेचा पडदा फोडला. लालभडक वायू आणि रंगहीन झेनॉन भेटताक्षणी नारिंगी-पिवळा घन पदार्थ साचला: झेनॉनचं संयुग. ही बातमी सांगायला प्रयोगशाळेत तेव्हा कोणी नव्हतं.

रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी झेनॉनच्या संयुगांचं भाकीत १९३३ मध्येच केलं होतं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात योस्ट आणि के यांनी झेनॉन-फ्लोरिनच्या मिश्रणातून विजेचा प्रवाह सोडून पाहिला. हाती काही आलं नाही, आणि विषय जवळजवळ तीस वर्षं मिटला. पुढे कळलं, की काचेच्या कोरड्या भांड्यात हे दोन वायू भरून नुसते उन्हात ठेवले तरी झेनॉन डायफ्लोराइडचे स्फटिक तयार होतात! विजेचा खटाटोपच नको होता.

१९६२ मध्येच अमेरिकेच्या अरगॉन प्रयोगशाळेने निकेलच्या भांड्यात दोन्ही वायू ४०० अंशांपर्यंत तापवून झेनॉन टेट्राफ्लोराइड केलं. प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइडही मुळात तिथलंच. फ्लोरिनला दाद न देणारी भांडी तिथे हाताशी होती.

काम मात्र जिवावरचं. १९६३ च्या सुरुवातीला बार्टलेट आणि त्यांचे विद्यार्थी पी. आर. राव स्फटिक नीट दिसावेत म्हणून चष्मे काढून वाकले आणि स्फोट झाला. दोघांच्या डोळ्यांत काचा गेल्या. बार्टलेटच्या डोळ्यातला शेवटचा तुकडा निघायला २७ वर्षं लागली.

आर्गॉन हा राजवायू संयुग करायला २००० साली हेलसिंकीत वश झाला, तोही उणे अडीचशे अंशांच्या आसपासच्या थंडीत. निऑनचं बाटलीत भरून ठेवता येईल असं संयुग अजून कोणाला करता आलेलं नाही.