आकड्याचे नाव

बफर म्हणजे मेमरीतील ठरावीक लांबीची जागा. आलेला मजकूर वापरला जाईपर्यंत तिथे थांबतो. मजकूर या जागेबाहेर सांडला की शेजारची माहिती बिघडते. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, असे घडले तर अख्खा संगणक बंद पडू शकतो. म्हणून बफरची लांबी नुसत्या आकड्याने न लिहिता नाव दिलेल्या स्थिरांकाने लिहिण्याची शिस्त आहे.

स्थिरांक निवडताना किंमत नव्हे, अर्थ पाहायचा असतो. लिनक्समध्ये फाइलच्या मार्गाची मर्यादा 'पाथ_मॅक्स' 4096 बाइटची आहे. इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरवर मेमरीच्या पानाचा आकार, 'पेज_साइझ', हाही 4096च. त्यामुळे मार्गाच्या बफरला पानाचे नाव दिले तरी काम बिनबोभाट चालते. पण 64 बिटच्या एआरएम प्रोसेसरवर पान 64 किलोबाइटचेही असू शकते. तिथे चार किलोबाइटच्या कामासाठी सोळापट जागा अडते.

दुसरा प्रश्न मजकुराचा शेवट दाखवणाऱ्या शून्य बाइटचा. 'पाथ_मॅक्स'मध्ये तो धरलेला असतो. प्रोसेसच्या नावाच्या 'टास्क_कॉम_लेन'मध्येही असतो. म्हणून 16 बाइटच्या जागेत नावाचे 15 बाइटच मावतात. फाइलच्या नावाची मर्यादा 'नेम_मॅक्स' 255 आहे आणि तीत शून्य धरलेले नाही, म्हणून बफर 256चा घ्यावा लागतो. ही मोजणी अक्षरांची नाही, बाइटची आहे. यूटीएफ-8मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते; 'महाराष्ट्र' या शब्दातच काना आणि हलन्त धरून दहा चिन्हे, म्हणजे 30 बाइट होतात.

नाव बरोबर असले तरी जागाही योग्य हवी. 64 बिटच्या इंटेल प्रोसेसरवर कर्नलचा स्टॅक, म्हणजे चालू कामाची तात्पुरती माहिती ठेवण्याची जागा, साधारण 16 किलोबाइटचा असतो. 'पाथ_मॅक्स'चा एक बफर त्यातला चौथा हिस्सा खातो, म्हणून तो वेगळ्या मेमरीतून मागितला जातो.

योग्य स्थिरांक नसेल तर नवा ठरवावा, आणि बफर ठरावीक लांबीचा थेट घोषित केलेला असेल, तर मजकूर उतरवताना आकडा पुन्हा न लिहिता 'साइझऑफ'ने बफरचीच लांबी विचारावी. 2022मध्ये रस्ट भाषेतील लांबलचक नावांसाठी लिनक्सने अशा नावांच्या लांबीची मर्यादा 'केसिम_नेम_लेन' 128वरून 512वर नेली. जिथे हे नाव वापरले होते, तिथे कोड पुन्हा बांधताच नवी मर्यादा लागू झाली. कर्नल बांधण्याच्या एका साधनात मात्र हाताने 500 लिहिलेले होते. ते आधी शोधून दुरुस्त करावे लागले.